मिनिटभर शांतता

मखमलकाका शिंकले तेव्हा वाक्य अर्ध्यावर होतं. ‘मन शांत ठेवण्यासाठी सर्वप्रथम,’ एवढं ते म्हणाले आणि शिंकले. काचेच्या अलीकडे बसलेल्या माझ्या कानांत हेडफोनमधून ती शिंक जशी आली, तशी शिंक मी जन्मात ऐकली नव्हती. कारण चांगल्या माईकच्या चार बोटांवर सहसा कुणी शिंकत नाही. तिचे तीन भाग होते. आधी हवा आत ओढल्याचा आवाज, मग विचारात पडल्यासारखी एक अगदी छोटी शांतता, आणि मग ते. पडद्यावरची हिरवी रेघ ताडकन वर जाऊन लाल झाली. ‘सॉरी हं राजा,’ काका रुमालातून म्हणाले, ‘साधी सर्दी आहे. शनिवारपासून नाक गळतंय. तीन-चार दिवसांत जाते.’ मी बोलायचं बटण दाबून म्हणालो, ‘चालतं काका, “मन शांत”पासून पुन्हा घेऊ.’ माझा आवाज नेहमीचाच होता. बटणावरचं बोट मात्र माझं वाटत नव्हतं. साधी सर्दी हे दोन शब्द मला साधा साप यासारखे ऐकू येतात. लोक साधा म्हणतात तेव्हा त्यांना तो चावलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

माझं काम श्वास कापण्याचं आहे. मखमलकाकांसारखे मऊ आवाजाचे वाचणारे पुस्तकं वाचतात, मी रेकॉर्ड करतो, आणि मग दोन वाक्यांच्या मध्ये माणूस जो श्वास घेतो तो शोधून काढून टाकतो. श्वास ऐकू येता कामा नये, असं गिऱ्हाइकांच्या करारात कलमच असतं. लोकांना माणसाचा आवाज हवा असतो, माणूस नको असतो. एका पानात वीस-पंचवीस श्वास सहज निघतात. सहा वर्षांत किती कापले ते मोजायला मी एकदा बसलो होतो, पण दम लागला. श्वास कापला की तिथे भोक पडतं, आणि ते तसंच सोडलं तर ऐकणारा दचकतो. त्याला वाटतं वाचणारा गेला. म्हणून त्या भोकात खोलीची शांतता भरायची. त्यासाठी रोज सकाळी आणि जेवणानंतर, वाचन सुरू करायच्या आधी, एक मिनिट काहीही न बोलता खोलीचं रेकॉर्डिंग करायचं. गेलेल्या माणसासाठी पाळतात तसंच, फक्त बसून. मला हे काम शिकवलं त्या उस्तादांचा एक नियम होता : शांतता घेताना आत माणूस बसलेला पाहिजे. ‘रिकाम्या खोलीची शांतता चिकटत नाही बेटा,’ ते म्हणत, ‘तिच्या कडा दिसतात. माणसाचं अंग आवाज पितं. गप्प बसलेला माणूस हवा, नसलेला माणूस चालत नाही.’ उस्ताद आता निवृत्त होऊन कोंबड्या पाळतात. एवढी वर्षं शांततेत काढल्यावर माणसाला काय हवंसं वाटेल, हे सांगता येत नाही.

एरवी हा गप्प बसणारा माणूस म्हणजे वाचणाराच. पण त्या सोमवारी काकांनी एसी बंद करायला लावला. एसी बंद म्हणजे खोलीचा आवाज बदलला, म्हणजे नवी शांतता आली, आणि काकांना तर वीस सेकंदांहून जास्त नाक न ओढता बसवेना. तीनदा प्रयत्न झाला. तिसऱ्यांदा ते खोकले, स्वतःच्या खोकल्याचं त्यांना हसू आलं, मग हसण्याने पुन्हा खोकला. ‘राजा, तूच बस बाबा,’ ते बाहेर येत म्हणाले, ‘तुझ्यासारखा गप्प माणूस जगात नाही.’ तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, आणि मला दमा आहे हे त्या इमारतीत कुणालाही ठाऊक नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी मी नऊ दिवस हॉस्पिटलात होतो, त्यातले दोन दिवस यंत्र माझ्या वतीने श्वास घेत होतं, तेव्हा मी कामावर बहिणीचं लग्न आहे असं कळवलं होतं. श्वास कापणाऱ्यालाच श्वास लागतो हे लोकांना समजलं तर ते हसतील, अशी मला भीती वाटली. आता लिहिताना हे कारण चारचौघांत काढण्यासारखं वाटत नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही. मी मास्क चढवला. ‘धूळ,’ मी म्हणालो. आत गेलो. दोन दारं, दोन्हींना रबराच्या कडा. ती लागली की कानांवर हलका दाब येतो. भिंती फोमच्या, खिडकी नाही, खुर्ची अजून काकांच्या अंगाने कोमट. ती शिंक इथेच कुठेतरी होती. फोमच्या त्या हजारो त्रिकोणी खाचांत, माईकच्या जाळीवर, त्या ऊबेत, अधांतरी. मी श्वास धरला. चाळीस सेकंद धरला. ती चाळीस सेकंदं अप्रतिम निघाली, नंतर दिवसभर वापरली. पण चाळीस सेकंद श्वास न घेतलेला माणूस एक्केचाळिसाव्या सेकंदाला साधा श्वास घेत नाही. मी आयुष्यातला सगळ्यात मोठा श्वास त्या खोलीत घेतला, आणि मग लगेच दुसरा.

छातीच्या डॉक्टरबाईंनी मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, हा आणखी एक त्रास. अडाणी माणूस निवांत घाबरतो. मला तपशील ठाऊक होते. त्या नऊ दिवसांतल्या सातव्या दिवशी त्या पलंगाशी उभ्या राहून, मीटरवाल्याने वीजबिल समजवावं अशा सुरात म्हणाल्या होत्या, ‘सर्दीचा विषाणू पेशीत शिरतो ना, तेव्हा पेशी बोंब मारते. म्हणजे एक रसायन सोडते, इंटरफेरॉन. शेजारच्या पेशी ते ऐकून दारं लावून घेतात. दमा असलेल्या काही जणांत ही बोंब उशिरा निघते, आणि निघते तीही घसा बसल्यासारखी. सगळ्यांचं असं नसतं. तुमचं बहुतेक तसं असावं.’ ‘मग?’ ‘मग विषाणू गल्लीभर फिरून येतो. त्यानंतर तुमचं सैन्य उठतं, पण ते परागकणांशी लढायला शिकलेलं. ते येतं आणि घरातलंच सामान फोडतं. नळ्या सुजतात, चिकटा भरतो.’ मी म्हणालो, ‘म्हणजे चोर आला तेव्हा कुत्रा झोपलेला, आणि चोर गेल्यावर उठून मालकाला चावला.’ बाई हसल्या नाहीत. ‘चोर जात नाही,’ त्या म्हणाल्या, ‘चोर घरातच असतो.’ आणि मग दोन गोष्टी बजावल्या. पहिली : छातीत पहिली शीळ ऐकू आली की मी देतेय त्या पाकिटातल्या गोळ्या सुरू करायच्या आणि त्याच दिवशी इकडे यायचं, गेल्या वेळी तुम्ही पाचव्या दिवशी आलात, पुन्हा पाचव्या दिवशी आलात तर मी असेन, तुमचं सांगता येत नाही. दुसरी मी जाताना, दारात सांगितली : ‘शीळ वाजते तोवर हवा हलतेय असं समजा. दम लागलेला असताना शीळ आपोआप बंद पडली, छाती गप्प झाली, तर ते बरं होणं नसतं.’

तेव्हा सगळा खेळ पहिली शीळ ऐकण्याचा होता, आणि ऐकणं हा तर माझा धंदा. दम लागलेला मला कळत नाही, ही बाईंची जुनी तक्रार. लहानपणापासून ज्याची छाती वाजते त्याला तो आवाज घरच्या पंख्यासारखा होतो, बंद पडला तरच जाणवतो. घरी एक प्लास्टिकची फुंकणी आहे, जोरात फुंकायचं आणि काटा किती सरकला ते बघायचं. तिचा काटा महिन्यापूर्वी चारशे वीसवर अडकला. फुंकली तरी चारशे वीस, नुसती टेबलावर ठेवली तरी चारशे वीस. नवी आणायची होती, पण माझ्याबद्दल इतकं चांगलं सातत्याने बोलणारं घरात दुसरं काही नाही, म्हणून राहून गेलं. म्हणून सोमवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी छोटा माईक शर्टाच्या आतून छातीला चिकटवला आणि माझ्या चॅनेलवर दोन मिनिटं स्वतःला रेकॉर्ड केलं. हेडफोन लावून ऐकलं. जाडजूड, खालच्या पट्टीतली हवा येत होती, जात होती. शीळ नव्हती. रिकाम्या स्टुडिओत मी एकटाच मोठ्याने ‘शाब्बास’ म्हणालो.

मंगळवारी सकाळी घशात मागच्या बाजूला, जिथे बोट पोचत नाही आणि विचार मात्र पोचतो, तिथे एक खरखरीत ठिपका होता. मी ताईच्या घरी राहतो. ती चहा गाळताना माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘घसा का खाकरतोयस?’ ‘सवय.’ ‘कालपर्यंत नव्हती.’ भावजी पेपरामागून म्हणाले, ‘अगं, गळा साफ करतोय, गाणार असेल.’ ताई हसली नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी काचेतून मला यंत्राशी जोडलेला बघितल्यापासून ती माझ्या बाबतीतल्या विनोदांना हसत नाही, आणि मी तिच्यासमोर जास्तच करतो. आमचं दोघांचं असं चाललेलं असतं. ‘पंप घेतलास?’ ‘घेतला.’ ‘शीळ?’ ‘नाही.’ ‘नक्की?’ ‘ताई, मी रोज छातीचं रेकॉर्डिंग करतो. इतकं तर गवयाचंही करत नाहीत.’ तिने गाळणं सिंकमध्ये आपटलं. जिन्यावरून उतरताना मी पायऱ्या मोजल्या. पायऱ्या तेवढ्याच होत्या, यात मला दिलासा का वाटावा ते कळलं नाही.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. माझी छाती भरली की ते मला खुर्चीवर उलटं बसवत, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर, आणि एक तळवा माझ्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हातातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत. त्यांच्या तळव्याला बारीक तेलाचा वास असे. होईल बरं, घाबरू नकोस, असलं ते कधी बोलले नाहीत. मिनिट झालं की फक्त आकडा सांगत. ‘तीस.’ पुन्हा मिनिटाने, ‘छत्तीस.’ मला वाटायचं ते गुण आहेत. गणितात मला कधी छत्तीस पडले नव्हते. म्हणून मी आणखी प्रयत्न करी, छाती भराभर वरखाली करी, आणि एकदा बाबा ‘चव्वेचाळीस’ म्हणाले तेव्हा मी मान वळवून हसलोसुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आठ वर्षांचा असताना अभिमान समजलो. पुढे कितीतरी वर्षांनी, बाबा राहिले नव्हते तेव्हा, एका दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात मिनिटाला किती श्वास म्हणजे काय ते वाचलं, आणि तिथेच बाकावर बसून राहिलो. नंबर पुकारला गेला तरी उठलो नाही.

शाळेत मला पेटी म्हणत. वर्गात मास्तरांनी सगळ्यांना गप्प केलं की एकटी माझी छाती वाजत राही, दोन बारीक सुरांत, आणि मागचा कुणीतरी हळूच ठेका धरी. त्या दिवसांत मला आवाज न करता श्वास घ्यायची सवय लागली. तोंड थोडं उघडं ठेवायचं, खांदे हलू द्यायचे नाहीत, हवेला आत येताना बूट काढायला लावायचे. हीच सवय पुढे पोटापाण्याच्या कामी आली. स्टुडिओत सगळे म्हणतात, याच्याइतकं शांत कुणी बसत नाही. श्वासाचा वरचा बारीक, सळसळता, शिट्टीसारखा भाग आपोआप झाडून टाकणारी एक जोडणी मी स्वतः बसवली आहे. दोन वर्षं लागली. तिला आम्ही झाडू म्हणतो. माझ्या चॅनेलवर काहीही घेतलं की ते झाडूतून जातं. शांतता तेवढी झाडूशिवाय, कच्ची घ्यावी लागते, नाहीतर झाडू शांततेलाही झाडून टाकतो आणि मागे भलतंच काहीतरी उरतं. हे मला पाठ होतं, स्वतःच्या पत्त्यासारखं. स्वतःचा पत्ता माणूस घरी जाताना वाचत नाही.

बुधवारी नाक बंद झालं. एकदम नाही, आधी डावं, मग जणू डाव्याने उजव्याला कळवल्यासारखं उजवं. माझ्या आत निदान कुणीतरी कुणाला तरी वेळेवर कळवतंय, असं मनात आलं. दोन्ही कानांत दडे बसले, हेडफोनमधला काकांचा आवाज रजईखालून आल्यासारखा. काका मात्र खुलत चालले होते. त्यांच्या पेशींनी शनिवारीच बोंब मारली असणार, सगळ्या गल्लीने दारं लावून घेतली असणार, आणि आता काका पोर्चमध्ये पाय पसरून बसल्यासारखे वाचत होते. ‘आता एक दीर्घ श्वास घ्या,’ ते वाचायचे, आणि स्वतः एक घ्यायचे, आणि मी तो कापायचो. चारशे पानांचं ते पुस्तक शांत कसं राहावं यावर होतं. प्रत्येक पानावर दोनदा तरी श्वास घ्या असं लिहिलेलं, आणि करारात श्वास ऐकू येता कामा नये. मला यात काही गंमत वाटली नाही. मला घाम येत होता. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर फोन वाजल्याचं नाटक करून मी थांबलो. कान मागून येत होती. कान म्हणजे आमच्याकडे शेवटचं ऐकणारी. सगळं कापून, भरून, चिकटवून झालं की पुस्तक तिच्याकडे जातं, आणि ती डोळे मिटून, आवाज इतका वर करून ऐकते की शांततेत मुंगी चालली तरी लिहून पाठवते. ‘कुणाचा फोन?’ ती म्हणाली. ‘बहिणीचा.’ ‘दुसरं लग्न करतेय का?’ गेल्या वर्षी ताई माझा विसरलेला डबा द्यायला आली होती, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन, तेव्हापासून कान हे सोडत नाही. मी हसलो. हसताना हवा पुरली नाही आणि हसू मध्येच तुटलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेली.

बुधवारी संध्याकाळी माईक पुन्हा छातीला. मी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. शीळ नव्हती. खरंच नव्हती. पंप चार वेळा घेऊन झाला होता, पंप मी जुन्या माईकच्या डबीत ठेवतो. बसल्या बसल्या मानेच्या खालचा खळगा आत ओढला जात होता, हे मला समोरच्या काचेत दिसत होतं, आणि मी डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कानांवर हे ठरवत होतो. काचेतला माणूस काही माझ्या धंद्यातला नव्हता. भीतीची एक गंमत आहे : तिला पुरावा नको असतो, पण दिलासा पुराव्याशिवाय घेत नाही. माझ्याकडे पुरावा होता. फाईल होती, दोन मिनिटांची, तारखेसकट. ताईला फोनवर म्हणालो, ‘छाती साफ आहे, ऐकवू का?’ ती म्हणाली, ‘तू बोलताना मध्ये थांबतोयस.’ मी म्हणालो, ‘तो स्वल्पविराम.’

गुरुवारी सकाळची शांतता घ्यायला मी आत बसलो. काका ठणठणीत होते, पण आता ती चालच पडून गेली होती. ते बाहेर चहा पीत होते आणि काचेतून मला अंगठा दाखवत होते. मास्कही नव्हता, आता कुणापासून कुणाला वाचवायचं? मिनिटभर मी माईकसमोर बसून राहिलो. खोली माझ्यावर हळूहळू दाबली जात होती, उशीसारखी, काही राग नसलेल्या उशीसारखी. शाळेतल्यासारखं तोंड थोडं उघडं, खांदे स्थिर. मला वाटलं, या मिनिटाचे तुकडे होतील. दोन दोन दशांशांचे, अर्ध्या सेकंदाचे. जिथे जिथे काका श्वास घेतील तिथे तिथे तो काढून ही खोली बसवली जाईल, आणि यात मी आहे हे कुणाला कळणार नाही. मग वाटलं, मी नसलो तर कळेल. कडा दिसतील.

दुपारी तीनच्या सुमारास कान माझ्या दारात येऊन उभी राहिली. ‘अरे, काकांच्या पुस्तकात शीळ कोण घालतंय?’

‘कोण म्हणजे?’

‘काका वाचतात तेव्हा नाही. काका थांबले की. दर पूर्णविरामाला.’

‘एसी असेल.’

‘एसी सोमवारपासून बंद आहे.’

‘मग भिंतीतला पाईप.’

‘पाईप आत-बाहेर करतो का?’ ती म्हणाली. ‘हे आत जातंय, मग बाहेर येतंय. ये, ऐक.’

तिच्या खोलीपर्यंत सात पावलं आहेत. पाचव्यावर मी दाराची चौकट धरली. तिने तिचा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला, आवाज पार वर नेला. ‘आता एक दीर्घ श्वास घ्या,’ मखमलकाका म्हणाले. आणि कुणीतरी घेतला. काकांनी नाही, काकांचा मी कापला होता. कुणीतरी बारीक, लांबलचक, दाराच्या फटीतून वारा यावा तसा श्वास आत घेतला आणि वाक्य सुरू व्हायच्या आत अर्धाच सोडला. कान तारखा लावून एकेक तुकडा वाजवत होती. सोमवार, नुसती खोली. मंगळवार, नुसती खोली. बुधवार सकाळ, केसाएवढी रेघ. बुधवार दुपार, सूर. गुरुवार सकाळ, दोन सूर, एक जाताना एक येताना, बारीक, पेटीचे. नऊशे ठिकाणी. शांत कसं राहावं याच्या सहाव्या प्रकरणापासून पुढे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी होतो. ‘या शांततेत बसलं कोण होतं?’ तिने विचारलं. ‘मी,’ मी म्हणालो. तिला नीट ऐकू यावं म्हणून हेडफोन काढून टेबलावर ठेवला. शीळ चालूच होती.

तिने खाली हेडफोनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे.

झाडू. तोल गेल्यावर चुकलेली पायरी आठवावी तसा तो शब्द मला आठवला. छाती मी झाडूतून घेतली होती, तिन्ही दिवस, आणि शांतता कच्ची. दोन वर्षं घालून जी शीळ पुसायला मी यंत्राला शिकवलं, ती त्याने दर संध्याकाळी मन लावून पुसली, आणि मी ऐकून त्याला नव्हे, स्वतःला शाब्बास म्हणालो. बुधवार सकाळ. पहिली शीळ बुधवारी सकाळी होती. आज गुरुवार, तीन वाजून गेलेले. त्याच दिवशी या, बाई म्हणाल्या होत्या. ‘मला,’ मी म्हणालो, आणि पुढच्या शब्दाला हवा नव्हती, ‘दमा,’ आणि पुन्हा, ‘आहे.’ ‘बहिणीचं लग्न,’ ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. मी मान हलवली. ‘गाढवा,’ ती म्हणाली, आणि ओरडली, ‘काका! गाडी काढा!’

पाकिटातल्या गोळ्या बॅगेत होत्या, त्या तिने शोधल्या. बाटलीतलं पाणी अर्धं माझ्या अंगावर सांडलं. पंप, पुन्हा पंप. जिन्यावर दोन्ही बाजूंनी दोघे. गाडीत काका गप्प राहू शकत नव्हते, गप्प राहण्याचे त्यांना कधी कुणी पैसे दिलेले नाहीत, आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून ते त्या मखमली आवाजात रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. ‘येथे वाहने उभी करू नयेत. टायर पंक्चर. उजवीकडे वळू नये.’ मध्येच त्यांचा आवाज फाटला. ‘माझ्यामुळे झालं का रे राजा? मी म्हटलं साधीच आहे. मला साधीच होती रे.’ मला सांगायचं होतं की तुमची साधीच होती काका, खोटं बोलला नाहीत. पण मी वाक्यं निवडून वापरत होतो आणि हे लांब होतं. मागच्या सीटवर कानने माझं डोकं समोरच्या सीटच्या पाठीवर टेकवलं, हनुवटी वर, आणि तिचा तळवा माझ्या पाठीवर ठेवला. तिला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत ती मोजत राहिली. मग म्हणाली, ‘अडतीस.’ आणि इतक्या भीतीत, घशाशी आलेल्या त्या काळ्या, सैरभैर भीतीत, माझ्या आत आठ वर्षांच्या कुणीतरी उगाच मान ताठ केली.

हॉस्पिटलात त्यांनी प्रश्न थोडे विचारले, हे मला वाईट चिन्ह वाटलं. पडद्याआड पलंग, बोटाला चिमटा, दंडात सुई, तोंडावर वाफेचा मास्क. नळीतून धुकं येत होतं आणि त्याला कडू-खारट चव होती. ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता, माझ्याच वयाचा, त्याने पाठीवर चार ठिकाणी ऐकलं, ‘भरपूर वाजतंय,’ म्हणाला, बाईंना फोन लावतो म्हणाला आणि पडद्याबाहेर गेला. सिस्टर पलीकडच्या पलंगाशी होती. ताई वाटेत होती. काका खाली दारात तिची वाट बघत उभे होते. मी आणि कान. दोघेही तेच ऐकत होतो. आत जाताना एक, बाहेर येताना एक. मी डोळे मिटले. आयुष्यभर जो आवाज मी शाळेत, वर्गात, जिन्यावर, फायलींत पुसत आलो, त्याच्यामागे मी आता दोरीला धरून चालल्यासारखा चाललो होतो. आत, बाहेर. आत, बाहेर.

आणि मग तो थांबला.

एकदम नाही, दोन श्वास पुसट झाला आणि थांबला. वाफेची सुरसुर तेवढी राहिली. मी डोळे उघडले. कान माझ्याकडेच बघत होती. तिलाही तो थांबलेला ऐकू आला होता, आमच्या खोलीत तो ऐकू न येणारं कुणीच नव्हतं. औषध लागू पडलं असेल, तर शीळ थांबते. आणि औषध लागू पडलं नसेल, तरीही थांबते. बाई दारात काय म्हणाल्या होत्या ते मला सुरासकट ऐकू आलं. बरं वाटतंय का, असं मी स्वतःला विचारलं. आतून कुणी उत्तर दिलं नाही. आमच्याकडे आतून उत्तर उशिरा येतं. ‘सिस्टर!’ कानने हाक मारली, आणि ती यायच्या आत, वाट न बघता, तिने माझ्या पाठीवरचा ओला शर्ट वर केला आणि आपला उघडा कान थेट माझ्या पाठीला लावला. गार होता. तिचा एक केस माझ्या मानेवर हुळहुळत होता. तिने वाफेच्या यंत्राची कळ बंद केली. सिस्टर पडदा सारून आली आणि काही बोलणार तोच कानने हात वर केला, रेकॉर्डिंग चालू असताना आम्ही करतो तसा, आणि ती अनोळखी सिस्टर खरंच थबकली.

‘श्वास घे,’ कान म्हणाली. मी घेतला. तिने कान थोडा खाली सरकवला. ‘पुन्हा.’ मी पुन्हा घेतला. कुठेतरी चाकांचा पलंग ढकलत नेत होते, तो लांब गेला. तिचा कान आणखी खाली, डाव्या बरगडीच्या शेवटाशी येऊन थांबला, आणि तिचा श्वास बंद झाल्याचं मला पाठीला कळलं.

‘आहे,’ ती म्हणाली. ‘तळाशी आहे. अगदी बारीक. वाजतेय.’

मला काहीतरी बोलायचं होतं.

‘हलू नकोस,’ ती म्हणाली, ‘ऐकू दे.’

मी हललो नाही. शांतता घेताना आत एक माणूस बसलेला लागतो. मी बसलो होतो.